मन्सुरी रिबात: जेरुसलेममधली यात्रेकरूंची सराई कशी चालायची

जेरुसलेमच्या जुन्या शहरात हरम शरीफच्या, म्हणजे अल-अक्सा मशीद आणि खडकावरचा घुमट असलेल्या पवित्र आवाराच्या, पश्चिम भिंतीला बाब अन-नाझिर नावाचा दरवाजा आहे. त्या दरवाजाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर उजव्या हाताला एक खोल कमान लागते आणि दारावर अरबी शिलालेख दिसतो. सुलतान अल-मन्सूर सैफुद्दीन कलावून याने ही वास्तू उभी केली आणि ती गरिबांसाठी व जेरुसलेमला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी वक्फ केली, म्हणजे कायमची धर्मकार्याला लावून दिली, असा त्याचा मजकूर. सन हिजरी ६८१, म्हणजे इसवी सन १२८२-८३. हीच मन्सुरी रिबात.

वास्तुकलेच्या पुस्तकांत तिला चार ओळी मिळतात आणि त्या बहुतेक कमान, दगड आणि लेख यांवर खर्च होतात. माझ्या मते त्याने अर्धीच गोष्ट कळते. इमारत वर्षा-दोन वर्षांत उभी राहायची. पण त्यानंतर रोज झाडलोट कोण करणार, दिव्यात तेल कोण घालणार, टाक्यात पाणी कसं येणार, छत गळलं तर दुरुस्तीचा पैसा कुठून येणार, हे ठरवलेलं नसेल तर सराई एका पिढीत मोडकळीला यायची. रिबात म्हणजे आधी उत्पन्नाची व्यवस्था, मग इमारत. हा क्रम लक्षात ठेवला की तिचा पुढचा सगळा इतिहास समजतो.

आधी काळ पाहू. दमास्कसच्या अल-मुअज्जम ईसा या राजाने १२१९ मध्ये जेरुसलेमचा तट पाडला. १२२९ ते १२४४ शहर पुन्हा फ्रँकांच्या, म्हणजे युरोपीय ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, हातात होतं. १२४४ मध्ये ख्वारझमी टोळ्यांनी ते लुटलं. १२६० मध्ये ऐन जालूतला मंगोलांचा पराभव झाला आणि मामलुकांची, म्हणजे गुलाम-सैनिकांतून वर आलेल्या इजिप्तच्या राज्यकर्त्यांची, पकड बसली, तेव्हा हाती आलं ते बिनतटाचं, विरळ वस्तीचं गाव. राज्यकारभाराच्या दृष्टीने ते दुय्यम होतं आणि व्यापाराचा मोठा रस्ताही तिथून जात नव्हता. महत्त्व होतं ते अल-अक्सा मशिदीचं आणि घुमटाखालच्या खडकाचं. मक्का आणि मदिना यांच्यानंतर यात्रेचं तिसरं ठिकाण म्हणून लोक येत. काही हजच्या आधी येत, काही हज उरकून परतताना. बगदाद, अनातोलिया, इराण, मगरिब (वायव्य आफ्रिका) अशा लांबच्या मुलखांतून आलेली ही माणसं दमलेली असत आणि बऱ्याच जणांकडचे पैसे वाटेतच संपलेले असत. तट नव्हता, त्यामुळे मुक्कामाला सुरक्षित जागा म्हणजे हरमची भिंत आणि तिला लागून असलेल्या गल्ल्या. सराया तिथेच का दाटल्या, याचं कारण हे. पहाटेच्या नमाजाला अंधारात फार चालावं लागू नये, हा फायदा वेगळाच.

मन्सुरीच्या अगदी समोर, रस्त्याच्या उत्तरेला, तिच्याहून जुनी रिबात आहे. ती अमीर अलाउद्दीन आयदुग्दी याने हिजरी ६६६ मध्ये (१२६७-६८) बांधली. हा गृहस्थ अंध होता आणि तरीही जेरुसलेम आणि त्याच्या दक्षिणेचं, इब्राहिम पैगंबराची कबर असलेलं हेब्रॉन या दोन्ही पवित्र स्थळांचा नाझिर, म्हणजे मुख्य कारभारी होता, सुलतान बायबर्सच्या काळात आणि पुढे कलावूनच्याही. हरमच्या परिसरातली वजूची, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याची, जागाही त्याच्याच नावावर आहे. त्याचा मृत्यू १२९३-९४ मध्ये झाला. दफनही त्याच्याच रिबातीत, रस्त्याकडे खिडक्या असलेल्या खोलीत झालं. येणारा-जाणारा खिडकीशी थांबून फातिहा, म्हणजे कुराणातली पहिली प्रार्थना, म्हणेल, ही त्यामागची कल्पना. आज तो रस्ताच अलाउद्दीनच्या नावाने ओळखला जातो. मोठ्या सुलतानाची इमारत समोर असताना रस्त्याला नाव मिळालं ते कारभाऱ्याचं, आणि मला ते अगदी रास्त वाटतं.

या दोघींनंतर रांगच लागली. बाब अल-हदीदजवळ सैफुद्दीन कुर्त या अमीराची रिबात (१२९३-९४). तन्किझ हा दमास्कसचा सुभेदार, त्याने आपल्या मद्रशासमोर फक्त बायकांसाठी रिबात काढली. बाब हित्ताच्या रस्त्यावरची मारिदिनी रिबात हिजरी ७६३ ची (१३६१-६२). तिचा वक्फ केला मार्दिनच्या राजाच्या घरातल्या दोन मुक्त झालेल्या दासींनी, आणि तो मार्दिनहून येणाऱ्यांसाठी होता. मार्दिन म्हणजे आजच्या तुर्कस्तानचं आग्नेय टोक. आपल्या गावचा माणूस परमुलखात उघड्यावर पडू नये म्हणून कधीकाळी विकत घेतल्या गेलेल्या दोन बायकांनी पैसा बाजूला काढला. कलावून स्वतःही विकत घेतलेला गुलाम होता, आणि त्याची किंमत हजार दिनार पडली म्हणून त्याला ‘अल-अल्फी’ म्हणत. त्याने हेब्रॉनमध्येही रिबात आणि रुग्णालय बांधलं. कैरोतलं त्याचं प्रसिद्ध रुग्णालय, मद्रसा आणि कबर यांचं संकुल १२८४-८५ चं, म्हणजे जेरुसलेमच्या रिबातीनंतर दोन-तीन वर्षांनी उभं राहिलं.

रिबात, खान, खानकाह आणि झाविया यांची सरमिसळ फार होते. खान ही व्यापाऱ्यांची जागा, तिथे भाडं द्यावं लागतं, खाली जनावरं आणि माल, वर माणसं. खानकाह सूफींची. तिथे शेख असतो, नेमलेले सदस्य असतात, रोजचा सामूहिक जप असतो आणि सदस्यांना वेतन मिळतं. सलाहुद्दीनने ११८९ मध्ये जेरुसलेममध्ये अशी खानकाह काढली होती. झाविया एखाद्या शेखाभोवती वाढते आणि पुष्कळदा त्याच्या घराण्यात राहते. रिबात आपल्याकडच्या धर्मशाळेला सगळ्यांत जवळची: राहायला खोली, भाडं नाही. व्यवहारात मात्र या रेषा पुसट होत्या. रिबातीतही सूफी राहत आणि खानकाहतही प्रवासी थांबत. कुठे कोणाला जागा द्यायची हे वक्फाच्या दस्तात लिहिलेलं असे, आणि शेवटचा शब्द दस्ताचा.

आता इमारत. रस्त्यावरून आत जाताना आधी कमानीखालची देवडी. अशा दारांच्या दोन्ही बाजूंना दगडी बैठका असतात. दारवान तिथे बसतो आणि नवा आलेला माणूस आत बोलावेपर्यंत तिथेच टेकतो. मग चौक, चौकाभोवती ओळीने लहान खोल्या आणि एका अंगाला नमाजाला व एकत्र बसायला मोठं दालन. खोल्यांची दारं चौकात उघडतात, रस्त्याकडे खिडक्या जवळजवळ नसतात. बाहेरून आत यायला एकच दार. यात सुरक्षितता आहे, आणि हिवाळ्याचाही विचार आहे. जेरुसलेम समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत पावसाबरोबर बोचरा वारा असतो, अधूनमधून बर्फही पडतं. लहान खोली, जाड भिंत आणि एकच दार असेल तर शेगडीतल्या चार निखाऱ्यांवर रात्र निघते.

बांधकाम सगळं दगडी, कारण जवळपास चांगलं इमारती लाकूड नाही. स्थानिक गवंडी दगड नावाने ओळखतात. ‘मिझ्झी’ हा कठीण. तो पायरी, उंबरठा, कोपरे आणि दर्शनी भाग यांना वापरतात. त्याचीच लालसर जात ‘मिझ्झी अहमर’. ती पांढऱ्या दगडाबरोबर आडव्या थरांत एकाआड एक लावली की मामलुक इमारतींचा तो ओळखीचा पट्टेरी दर्शनी भाग तयार होतो. ‘मलकी’ हा मऊ, घडवायला सोपा, कमानी आणि कोरीवकाम यांसाठी. छत म्हणजे दगडी घुमट किंवा छेदणाऱ्या कमानींचं. घुमटावरच्या खळग्यांत दगडमातीची भर घालून वर सपाट गच्ची करायची, आणि तिच्यावर चुन्याचा गिलावा. हे छत दोनशे-तीनशे वर्षं सहज टिकतं, पण एका अटीवर: गिलाव्याला पडलेल्या भेगा दर पावसाळ्याआधी बुजवल्या पाहिजेत. एक वर्ष हयगय झाली की पाणी भरावात शिरतं, भराव जड होतो आणि कमानीचा बाहेरच्या बाजूला रेटा वाढतो. भेगेत माती साठली की तिच्यात कबर नावाचं काटेरी झुडूप किंवा अंजीर उगवतं. त्यांची मुळं सांध्यात शिरून दगड सरकवतात. मध्ययुगीन छतांचा नाश बहुतेक वेळा असाच झाला, भूकंपाची पाळी नंतर.

पाण्याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. शहरात वर्षाला सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो सगळा ऑक्टोबर ते एप्रिल या काळात. मे ते सप्टेंबर जवळजवळ थेंब नाही. शंभर चौरस मीटर गच्चीवर ५५० मिलिमीटर पडला तर ५५ घनमीटर पाणी होतं. पहिल्या पावसाने गच्ची धुऊन निघते, ते पाणी सोडून द्यायचं. काही गच्ची शोषते, काही उडून जातं. हाती चाळीस घनमीटर आलं तरी पुष्कळ, म्हणजे चाळीस हजार लिटर. चाळीस माणसांनी पिणं, स्वयंपाक आणि वजू मिळून माणशी दहा लिटर धरले तर रोज चारशे लिटर, शंभर दिवसांत टाकं रिकामं. कोरडा काळ दीडशे दिवसांचा. म्हणजे चौकाखालच्या टाक्यावर उन्हाळा निघत नाही. बाहेरच्या पाण्यावर अवलंबून राहावंच लागतं, आणि ते पाणी होतं हरमच्या विशाल टाक्यांत. तिथपर्यंत बेथलेहेमच्या दक्षिणेच्या डोंगरांतल्या झऱ्यांचं पाणी कालव्याने यायचं. हा जुना कालवा सारखा फुटायचा. तन्किझने १३२७-२८ मध्ये त्याची मोठी दुरुस्ती करून घेतली. वरच्या बाजूची गावं शेतीसाठी तो फोडत, हे शतकानुशतकं चालत आलेलं भांडण. टाक्याच्या आतला गिलावा चुना, राख आणि भाजलेल्या खापरांचा चुरा यांचा. साधा चुना लावला तर टाकं झिरपतं. तळाला गाळ बसतो, तो काही वर्षांनी उपसावा लागतो, नाहीतर उन्हाळ्याच्या अखेरीस पाण्याला वास येतो. हौद स्वच्छ ठेवणं हा म्हणूनच वक्फाच्या खर्चातला कायमचा भाग.

जेवणाबाबत एक गैरसमज आहे. प्रत्येक रिबातीत भटारखाना होता असं लोक धरून चालतात. पुष्कळ ठिकाणी फक्त खोली, पाणी आणि दिवाबत्ती असे, आणि जेवणाची सोय वेगळ्या संस्थांकडे. त्यातली सगळ्यांत जुनी हेब्रॉनला, इब्राहिम पैगंबराच्या नावाने चालणारी पंगत. १०४७ मध्ये इराणी प्रवासी नासिर खुसरो तिथे गेला होता. त्याने लिहिलंय की प्रत्येक पाहुण्याला एक गोल भाकरी, ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या मसुराचा वाडगा आणि मनुका मिळत, आणि काही दिवशी पाचशे माणसं येत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमचा काझी मुजीरुद्दीन याने त्याच पंगतीचा आकडा दिलाय: रोज चौदा-पंधरा हजार भाकऱ्या, दिवसातून तीन वेळा वाटप, वाटपाच्या वेळी नगारा.

जेरुसलेमच्या वेशीबाहेर बायबर्सने १२६३-६४ मध्ये एक खान बांधला. त्यात मशीद, गिरणी आणि भट्टी होती. दमास्कस प्रांतातल्या गावांचं उत्पन्न त्याला लावून दिलं. त्या उत्पन्नातून दारात भाकरी वाटायची आणि पायी आलेल्यांची पादत्राणं दुरुस्त करून द्यायची. पादत्राणांची ही तरतूद मला या सगळ्या विषयातली सगळ्यांत शहाणी तरतूद वाटते. दमास्कस किंवा हेब्रॉनहून खडकाळ वाटेने आलेल्या माणसाची पहिली अडचण पोटाची नसते, पायाची असते. तळवा फाटला की माणूस अडकतो आणि अडकलेला माणूस खोली सोडत नाही. चपला शिवून दिल्या की तो चार दिवसांत पुढे निघतो.

मोठं अन्नछत्र शहरात आलं ते उस्मानी काळात. सुलतान सुलेमानची बायको हुर्रेम हिने १५५० च्या दशकात मन्सुरीच्या पश्चिमेला, थोड्याच अंतरावरच्या गल्लीत, चौदाव्या शतकातला एक वाडा घेऊन तिथे इमारत बांधली. यात्रेकरूंसाठी ५५ खोल्या, भटारखाना, भट्टी आणि कोठार. रोज दोन वेळचं जेवण, सकाळी तांदळाची पेज, संध्याकाळी गव्हाच्या भरडीची, सोबत भाकरी. जुम्म्याच्या आदल्या रात्री आणि सणाला मांस-भात आणि केशर घातलेला गोड भात. जेवणारे सुमारे पाचशे. त्याचा भटारखाना आजही चालू आहे आणि रमजानमध्ये तिथे रांग लागते.

आता पैशाकडे वळू. वक्फ म्हणजे मालक आपली मालमत्ता कायमची गोठवतो. ती विकता येत नाही, दान देता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. तिचं उत्पन्न तेवढं ठरवलेल्या कामाला जातं. यात्रेकरूंची सराई स्वतः काही कमावत नाही, म्हणून तिच्यासोबत कमावणारी मालमत्ता बांधावी लागते: गाव, शेत, ऑलिव्हची बाग, गिरणी, हमाम (सार्वजनिक न्हाणीघर), दुकानं. तन्किझने हे काम जवळजवळ आदर्श पद्धतीने केलं. १३३६-३७ मध्ये त्याने हरमला अगदी लागून कापूस बाजार बांधला, सुमारे ९५ मीटर लांबीची छताची बाजारपेठ, दोन्ही बाजूंना दुकानं, वर भाड्याच्या खोल्या, शेजारी दोन हमाम आणि एक खान. भाडं त्याच्या मद्रशाला आणि हरमला वाटून जायचं. यात दोन गोष्टी साधल्या. एक, उत्पन्नाची जागा डोळ्यांसमोर, त्यामुळे कोण भाडं थकवतोय ते रोज दिसतं. दुसरी, ज्या यात्रेकरूंसाठी खर्च व्हायचा तेच बाजारात गिऱ्हाईक. लांबच्या गावाचा वसूल यात मार खातो. टोळधाड, दुष्काळ, भटक्या टोळ्यांची लूट, मधल्या अधिकाऱ्यांचे हात, या सगळ्यातून जे उरेल ते शहरात पोचतं.

खर्चाचा क्रम फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, पक्का आहे. हनफी पंथाच्या कायद्यानुसार उत्पन्नातून पहिला पैसा इमारतीच्या दुरुस्तीला, दस्तात तसं लिहिलेलं नसलं तरी. त्यानंतर दारवान, झाडलोट करणारा, दिवाबत्तीवाला, वसुली कारकून आणि नाझिर यांचे पगार, आणि मग लाभार्थी. हा क्रम कोरडा वाटतो, पण तो अनुभवातून आलेला आहे. भाकरी आधी आणि छत नंतर असं केलं तर काही वर्षांत भाकरी वाटायला जागाच उरत नाही. दुसरा नियम भाडेपट्ट्याचा: वक्फाचं घर एका वेळी एका वर्षापेक्षा जास्त आणि शेतजमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची नाही. कारण उघड आहे. लांब मुदतीचा भाडेकरू हळूहळू मालकासारखा वागायला लागतो.

मोडायचं ते बहुधा इथेच. इमारत पडायला आली आणि तिजोरीत काही नसलं की नाझिर काझीकडे जायचा. दुरुस्ती स्वतःच्या पैशाने करतो, बदल्यात नाममात्र भूभाड्यावर दीर्घ पट्टा द्या, असं म्हणणारा भाडेकरू हजर असायचाच. काझी परवानगी द्यायचा. त्या दिवशी छत वाचायचं आणि पुढच्या कितीतरी वर्षांचं उत्पन्न जायचं. दुसरा मार्ग अदलाबदलीचा: पडकी मालमत्ता देऊन चांगली घ्यायची. हनफी काझी याला मान्यता देत. कागदावर हे निर्दोष आहे, पण मोबदल्यात येणाऱ्या मालमत्तेची किंमत फुगवली की वक्फ बुडाला. तिसरं संकट कोणाच्याच हातचं नव्हतं. १३४८ च्या महामारीत माणसं मेली, दुकानं ओस पडली, भाडी कोसळली. पुढे चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून मामलुक राज्यात चांगली चांदी दुर्मीळ झाली आणि व्यवहार तांब्याच्या नाण्यांकडे सरकले. दस्तात दिरहममध्ये ठरवलेला पगार आकड्याने तोच राहिला, बाजारात त्याला निम्मं मोल. दारवानाने दुसरं काम शोधलं तर त्याला दोष कसा द्यायचा? जे वक्फ पगाराबरोबर रोजची भाकरी वजनात ठरवून देत, त्यांची माणसं जास्त टिकली.

खोल्या अडून राहणं ही आणखी एक जुनी अडचण. पाहुणचार तीन दिवसांचा ही सर्वमान्य प्रथा. पण पवित्र शहरात मरण यावं म्हणून आलेला म्हातारा तीन दिवसांनी कुठे जाणार? त्याला मुजाविर म्हणत, पवित्र स्थळाच्या शेजारी राहिलेला. अशी माणसं वर्षानुवर्षं राहत, विधवा बायका विशेषतः. कैरोमध्ये १२८५ मध्ये बायबर्सच्या मुलीने शेखा झैनब या साध्वीसाठी बांधलेली रिबात तर मुळात अशा बायकांसाठीच होती. पण यात्रेकरूंच्या सराईत कायमचे रहिवासी वाढले की नव्याने येणाऱ्याला जागा उरत नाही. दस्तात मुदत स्पष्ट नसेल तर नाझिराचे हात बांधलेले, आणि मुदत स्पष्ट असली तरी आजारी माणसाला बाहेर काढायला कोण धजावणार? माझ्या मते ज्यांनी म्हाताऱ्यांसाठी वेगळी आणि यात्रेकरूंसाठी वेगळी इमारत ठेवली त्यांनाच हा प्रश्न खरा कळला होता.

या रहिवाशांबद्दल आपल्याला कळतं ते एका वेगळ्याच वाटेने. १९७० च्या दशकात हरममधल्या इस्लामी संग्रहालयात सुमारे नऊशे जुने कागद सापडले, बहुतेक १३९० च्या दशकातले. त्यातले शेकडो कागद मरणासन्न माणसांच्या मालमत्तेच्या याद्या आहेत. काझीने पाठवलेले साक्षीदार आजाऱ्याच्या उशाशी बसून यादी करत: अंगावरचे कपडे, गोधडी, तांब्याचं भांडं, रोकड किती, देणं-घेणं किती, वारस कोण आणि कुठे. वारस नसेल तर मालमत्ता सरकारी खजिन्यात जायची, म्हणून सरकारला यादी हवी. वारस लांबच्या देशात असतील तर त्यांचा हक्क शाबूत राहावा म्हणूनही ती हवी. या याद्यांत बायका पुष्कळ आहेत आणि परमुलखातून एकट्या आलेल्याही. मामलुक अमिरांच्या शिलालेखांपेक्षा या चार भांड्यांच्या याद्यांतून त्या सराया मला जास्त स्पष्ट दिसतात.

आगीची भीती सगळीकडेच. मक्केत तिथल्या हरमला, म्हणजे काब्याभोवतीच्या मशिदीला, लागून इराणच्या सिराफ बंदराचा व्यापारी रामिश्त याने ११३४-३५ मध्ये रिबात बांधली होती. भारत आणि चीनच्या व्यापारावर गब्बर झालेला हा माणूस, त्याने काब्याला चिनी कापडाचं आवरणही चढवलं होतं. १४०० मध्ये त्याच रिबातीतल्या एका खोलीत दिवा जळत राहिला, उंदराने पेटती वात ओढून नेली आणि खोली पेटली. तिथून आग मशिदीच्या लाकडी छताला लागली. पश्चिमेची बाजू जळाली आणि शंभराहून अधिक संगमरवरी खांब भाजून त्यांचा चुना झाला. त्याच वर्षी आधी आलेल्या पुराने छताचा एक तुकडा कोसळला होता, त्या मोकळ्या जागेपाशी आग थांबली. जेरुसलेमच्या दगडी छतांचं महत्त्व अशा वेळी कळतं.

मक्केची परंपरा आपल्या ओळखीची आहे. निजामाच्या घराण्याने तिथे आपल्या राज्यातल्या हाजींसाठी रुबात, म्हणजे रिबातीच, बांधल्या. हरमच्या विस्तारात मूळ इमारती गेल्या, पण त्या बदल्यात मिळालेल्या जागांत जुन्या हैदराबाद संस्थानातल्या हाजींना, म्हणजे मराठवाड्यातल्यांनाही, सोडतीने आजही फुकट मुक्काम मिळतो. जेरुसलेममध्येही हेरोड दरवाजाजवळ हिंदी झाविया आहे. सूफी संत बाबा फरीद तेराव्या शतकात तिथे राहिले होते अशी परंपरा सांगते.

मन्सुरीचं पुढे काय झालं? वक्फाचं उत्पन्न आटलं आणि इमारत दुसऱ्या कामाला लागली. उस्मानी राजवटीच्या अखेरच्या काळात ती तुरुंग झाली. समोरची अलाउद्दीनची रिबातही तुरुंग झाली आणि तिला रक्ताचा तुरुंग म्हणत, कारण तिथे फाशीची वाट पाहणारे कैदी ठेवत. एकच दार, जाड भिंती, ओळीने लहान खोल्या, रस्त्याकडे खिडक्या जवळजवळ नाहीत: यात्रेकरूला सुरक्षित ठेवणारा आराखडा कैद्याला डांबायलाही तितकाच उपयोगी ठरला. तुरुंग म्हणून वापर मध्ययुगीन इमारतींना वाईट ठेवतो, चौकात आडव्या भिंती आणि खोल्यांना लोखंडी गज येतात, आणि मूळ आराखडा वाचणं अवघड होतं. ब्रिटिश काळात वक्फ खात्याने दोन्ही इमारती आफ्रिकी मुस्लिम कुटुंबांना राहायला दिल्या. चाड, सुदान, नायजेरिया आणि सेनेगल या भागांतून हजला निघालेले, जेरुसलेमला येऊन राहिलेले हे लोक. त्यांच्यातले काही पिढ्यानपिढ्या हरमचे रखवालदार होते. म्हणजे सराई शेवटी यात्रेकरूंच्याच वंशजांकडे आली, आणि कलावूनच्या दस्ताला हे शोभण्यासारखं आहे.

बघायला जायचं असेल तर दमास्कस दरवाजातून आत येऊन तरीक अल-वादने दक्षिणेकडे चालायचं. डाव्या हाताला ऑस्ट्रियन हॉस्पिस मागे टाकून थोडं पुढे गेलं की डावीकडे अलाउद्दीनचा रस्ता फुटतो. त्यात वळलं की उजवीकडे मन्सुरी, डावीकडे अलाउद्दीनची रिबात, समोर टोकाला बाब अन-नाझिर. दरवाजावर पोलिसांचा पहारा असतो आणि मुसलमान नसलेल्यांना तिथून हरममध्ये सोडत नाहीत. त्यांच्यासाठी बाब अल-मगारिबा हा एकच दरवाजा, तोही ठरावीक वेळात. दोन्ही रिबातींत आज कुटुंबं राहतात, तेव्हा विचारल्याशिवाय चौकात शिरू नये आणि घरांचे फोटो काढू नयेत. शिलालेख वाचायचा तर सकाळी जा. रस्ता अरुंद असल्याने ऊन थोडाच वेळ उतरतं, आणि दुपारी शाळा सुटली की गर्दी होते.

आत जायला मिळालंच तर दुरुस्ती कशाने केलीय ते पाहा. जुन्या सांध्यांत सिमेंट भरलेलं असेल तर त्याच्या वरच्या-खालच्या दगडावर पांढरी पावडर दिसेल आणि बोट लावलं की पापुद्रे निघतील. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही. ओल दगडातून वाट काढते, सोबत क्षार आणते, आणि क्षारांचे स्फटिक मऊ मलकी दगड आतून फोडतात. चुन्याने भरलेले सांधे झिजतात पण दगड वाचवतात, आणि झिजलेला सांधा पुन्हा भरता येतो. हे काम दर काही वर्षांनी करावं लागतं आणि त्याला पैसे लागतात.